खळ, डिंक आणि जुना कागद

नाशिक क्षेत्रीं आलेला यात्रेकरू तीर्थोपाध्यायांच्या घरीं गेला कीं, त्याच्यापुढें वंशपरंपरेच्या वह्या उघडल्या जातात. गांव व आडनांव सांगितलें म्हणजे पणजोबांनीं स्वहस्तें लिहिलेली ओळ सांपडते. कित्येक घराण्यांना तें हस्ताक्षर दुसरीकडे कोठेंही पाहावयास मिळत नाहीं. नेमकी ती ओळ फाटली असतां कशानें जोडावी, हा प्रश्न दिसतो लहान. पण त्याचें उत्तर चुकलें तर ओळच नाहींशी होते.

जुन्या वह्यांचा कागद हातानें केलेला असे. जुन्नरचे आणि दौलताबादजवळील कागजीपुऱ्याचे कागदी त्यास पिठाची खळ देऊन घोटीत, म्हणजे शाई फुटत नसे. फाटलें पान जोडण्यासही खळच वापरीत; ती कागदाशीं जुळणारी होती. परंतु पिठावर कसर व झुरळें तुटून पडतात. म्हणून जिल्दगर खळींत मोरचूद घालूं लागले. कीड दूर राहिली; पण मोरचुदांतील तांबें कागदाचे तंतू ठिसूळ करतें, हें पुढें रसायनशास्त्रानें दाखविलें.

डिंकाचा धडा नाशिकच्या अगदीं जवळ आहे. नाशिकरोड येथें १९२५ मध्यें सरकारचा सिक्युरिटी प्रेस निघाला, आणि पुढल्या वर्षापासून हिंदुस्थानचीं टपालाचीं तिकिटें लंडनऐवजीं तेथें छापूं लागलीं. डिंक लावलेलीं जुनीं तिकिटें पावसाळ्याच्या दमट हवेंत आपोआप एकमेकांस चिकटत, हा डिंकाचा दोष. उलट वापरलेलें तिकीट पाण्यांत ठेवलें कीं पाकिटापासून अखंड सुटे, हा त्याचा गुण. चिकटविण्याचें द्रव्य वेळ येतांच सुटलें पाहिजे, हें तिकिटांचे संग्राहक केव्हांच जाणून होते.

या गुणाचा विसर पडला तेथें हानि झाली. १९३० मध्यें अमेरिकेंत पारदर्शक चिकटपट्टी बाजारांत आली. ती लावणें क्षणाचें काम. पण कांहीं वर्षांनीं पट्टी गळून पडते आणि तिचें चिकट द्रव्य तंतूंत मुरून तपकिरी डाग मागें ठेवतें. सरकारी दप्तरखान्यानें निराळा मार्ग धरला. १८९१ मध्यें कलकत्त्यास स्थापन झालेलें आणि १९४७ नंतर राष्ट्रीय अभिलेखागार म्हणून ओळखलें जाणारें खातें जीर्ण कागदांना डेक्स्ट्रीनच्या खळीनें तलम शिफॉन लावी. पुढें तेथें सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा ॲसिटोननें चिकटविण्याची, यंत्रावांचून चालणारी रीत निघाली. परंतु तो पापुद्रा काढावयाचा तर कागद द्रावकांत बुडवावा लागतो. म्हणून जाणकार आतां ती रीत टाळतात.

आज त्यांची निवड पुन्हा गव्हाकडे वळली आहे. मात्र मैद्याकडे नव्हे, तर गव्हाच्या सत्त्वाकडे. कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून, गाळून जो चीक खालीं बसवितात, तोच हा पदार्थ. गाळतांना चिवट अंश निघून जातो. त्यामुळें त्याची खळ मैद्यापेक्षां मऊ राहते आणि पाण्यानें पुन्हा सुटते. चीक पाण्यांत शिजवून, वस्त्रगाळ करून, ती पातळ लावतात. जोडासाठीं लांब तंतूंच्या जपानी कागदाची पट्टी कातरीनें न कापतां फाडून घेतात, म्हणजे तिच्या कडेचे तंतू मूळ कागदांत मिसळतात. त्याआधीं शाईची परीक्षा अवश्य; कारण काजळाच्या शाईंतही डिंक असतो आणि पाणी लागतांच ती पसरूं शकते. ओलसर कापसाचा बोळा एखाद्या कोपऱ्यांतील अक्षरास हलकेच टेकवावा. काळिमा उमटली तर ओली खळ वर्ज्य. जोड झाल्यावर पान टिपकागदांत घालून वजनाखालीं सुकूं द्यावें.

या साऱ्या इतिहासाचें सार एवढेंच कीं, जोड कागदापेक्षां दुबळा असावा. पुढें ताण पडलाच तर आधीं खळ सुटावी, कागद फाटूं नये. खळ पुन्हा करतां येते. पणजोबांची ओळ पुन्हा लिहितां येत नाहीं.