चोख रंग कशाला म्हणावे?



रंगाविषयी बोलताना आपण बहुधा दोनच विशेषणांवर सारा कारभार चालवितो: गडद आणि फिका. परंतु या शब्दांच्या पोटात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. तांबड्या रंगात थोडा काळा मिसळला, तरी आपण त्याला गडद म्हणतो; आणि पांढऱ्याचा लवलेश नसलेला झळझळीत तांबडा दिसला, तरी तोही गडदच. यांतला पहिला केवळ अंधारलेला असतो, दुसरा चोख असतो. शास्त्रीय ग्रंथांत या चोखपणाला संपृक्तता असे नाव आहे. उजेड-अंधाराहून तो वेगळा करून त्याला माप लावण्यास युरोप-अमेरिकेतील विद्वानांनाही सव्वादोनशेहून अधिक वर्षे खर्ची घालावी लागली.

1672 साली आयझॅक न्यूटनचे एक पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तोपर्यंतची प्रचलित समजूत अशी होती की, पांढरा प्रकाश हा मूळचा निर्मळ आणि त्यात विकार झाला म्हणजे रंग उपजतात. न्यूटनने अंधाऱ्या खोलीत लोलकाच्या साहाय्याने सूर्यकिरणाचा वर्णपट पाडला, त्यातील एकच रंग बारीक छिद्रातून पुढे घेतला आणि तो दुसऱ्या लोलकातून नेला. तांबडा तांबडाच राहिला. ज्याला लोक विकार समजत होते तोच निर्भेळ ठरला, आणि ज्या शुभ्रतेला आपण शुद्धतेचे प्रतीक मानतो तीच अनेक रंगांची भेसळ निघाली!

पुढे 1704 साली ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्याने एक वर्तुळ काढले. परिघावर वर्णपटातील रंग, मध्यभागी पांढरा. कोणतेही मिश्रण या वर्तुळात कोठे पडेल, हे वजनांचा गुरुत्वमध्य काढावा त्या रीतीने काढावयाचे. बिंदू परिघाजवळ पडला तर रंग भरदार. केंद्राकडे सरकेल तसतसा तो पांढुरका. चोखपणा हे अंतर आहे, ही कल्पना येथे प्रथमच आकृतीतून स्पष्ट झाली. परिघाचे सात भाग त्याने संगीतातील स्वरांच्या प्रमाणात पाडले होते. मुलांकडून सात रंग पाठ करून घेणाऱ्या आम्हां शिक्षकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण वर्णपटात सात हा आकडा कोठेही कोरलेला नाही. आपला नियम गणिती काटेकोरपणाचा नाही, हे न्यूटनने स्वतःच नमूद केले आहे. तांबडा व पिवळा किरण मिसळून होणारा नारिंगी डोळ्यांना वर्णपटातील नारिंगीसारखाच भासतो, लोलक मात्र त्याची फोड करून दाखवितो, हेही त्याने पाहिले होते. प्रकाश शुद्ध असणे आणि रंग शुद्ध दिसणे या एकच गोष्टी नव्हेत, याची ही पहिली खूण होय.

दुसरी खूण पटली ती प्रयोगशाळेत नव्हे, तर विणकरांच्या तक्रारीतून. पॅरिस येथील गोब्लँचा राजकीय कारखाना भिंतीवर टांगावयाच्या चित्रविणीच्या पडद्यांसाठी प्रसिद्ध होता. 1824 साली तेथील रंगखात्याचा प्रमुख म्हणून मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. येताच त्याच्यापुढे गाऱ्हाणी आली. फिकट निळा, जांभळा, करडा हे रंग टिकत नाहीत, ही तक्रार त्याला खरी आढळली. परंतु आणखी एक तक्रार होती: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणण्यासाठी दिलेल्या काळ्या लोकरीत दमच नाही. साहजिकच सारा दोष रंगाऱ्यांच्या माथी आला. शेव्रलने फ्रान्समधील व परदेशांतील नामांकित कारखान्यांतून काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. ती तसूभरही सरस नव्हती! दोष हौदात नव्हता, शेजारात होता. निळ्यालगत ठेवलेल्या काळ्यावर निळ्याच्या पूरक रंगाची, म्हणजे नारिंगीची, पुसट छटा डोळा स्वतःच चढवितो, आणि काळा विटल्यासारखा दिसतो. उलट तांबड्याशेजारी हिरवा ठेवला, तर दोन्ही अधिक चोख भासतात. कसलाही अपराध नसता ज्या कारागिरांनी बोल ऐकून घेतले असतील, त्यांच्या दृष्टीने हा शोध केवळ शास्त्राचा नव्हता, असे मला वाटते. 1839 साली शेव्रलने या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

डोळ्याचा हा वाटा अंकांत मांडण्याचे काम जेम्स क्लार्क मॅक्सवेलने केले. 1855 साली त्याने रंगीत कागदांच्या फिरत्या चकत्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शेंदरी 37, निळा 27 आणि हिरवा 36 भाग घेऊन चकती वेगाने फिरविली, तर जो राखी रंग दिसतो, तोच 28 भाग पांढरा व 72 भाग काळा घेऊनही दिसतो. तीन झळझळीत रंगांची बेरीज करावी आणि हाती राख यावी!

बॉस्टनचा चित्रकार व कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यानेही अशा चकत्या वापरल्या. 1905 साली त्याने रंगाची तीन मापे पृथक् केली: जात, उजळपणा आणि चोखपणा. आपल्या ‘गडद’ शब्दातला गोंधळ येथे सुटला. प्रारंभी त्याला वाटले होते की, सारे रंग एका सुबक गोलात बसतील. पण ते बसेनात. पिवळा अगदी उजळ असतानाच सर्वांत चोख होतो, तर निळा-जांभळा काळोखाकडे झुकल्यावर. त्यामुळे गोलाचे वेड्यावाकड्या फांद्यांचे झाड झाले. निसर्गाचा हा अव्यवस्थितपणा त्याने मान्य केला, यातच त्याचा मोठेपणा आहे. मातीचा रंग नोंदविण्यासाठी मृदाशास्त्रज्ञ त्याचेच तक्ते आजही शेतावर नेतात.

1931 साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाने न्यूटनच्या वर्तुळाची सुधारलेली आवृत्ती प्रमाण ठरविली. तीत पांढऱ्याची शुद्धता शून्य, वर्णपटातील किरणाची एक, आणि बाकीचे सारे रंग मध्ये. तिला आधार होता इंग्लंडात राइट व गिल्ड यांनी तपासलेल्या अवघ्या 17 माणसांच्या दृष्टीचा. त्या आकृतीवरून कोणत्याही कापडाच्या रंगाचा आकडा सांगता येतो. मात्र गोब्लँच्या काळ्या लोकरीचा आकडा ती गुंडीवर असताना जो येईल, तोच ती निळ्यालगत विणल्यावरही येईल. विणकराला ती तेव्हाही विटलेलीच दिसेल.