पावसाआधी तापाची चाहूल

1908 साली पंजाबात धो धो पाऊस झाला आणि पाठोपाठ हिवताप आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन लाखांवर माणसं दगावली. अमृतसरचे रोजचे व्यवहार कित्येक आठवडे ठप्प होते. डासाच्या पोटातला हिवतापाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना 1897 मध्येच सिकंदराबादेत सापडला होता. पण साथ कोणत्या वर्षी उसळणार, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

हिवतापाचे अभ्यासक एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या. तापाच्या मृत्यूंशेजारी पाऊस मांडला, तसेच धान्याचे भावही. 1911 च्या अहवालात निष्कर्ष आला: महागाईनं खंगलेल्या मुलखात अतिवृष्टी झाली की साथ भडकते. याच पायावर 1920 च्या दशकात सी. ए. गिल यांनी पंजाबसाठी अंदाजाची पद्धत बसवली. जुलै-ऑगस्टचा पाऊस, मुलांमधलं पाणथरी (प्लीहा) वाढल्याचं प्रमाण, मागच्या साथींचा इतिहास आणि धान्याचे भाव एवढ्यावरून साथीच्या हंगामाआधी इशारा निघे.

मग डीडीटी आलं. डासनाशक हाती असताना अंदाज कुणाला हवा? 1960 च्या दशकात देशातले हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. 1976 मध्ये ते 64 लाखांवर गेले.

अंदाजाकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले ते समुद्रामार्गे. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं; त्यानंतरच्या वर्षी पंजाबात साथीचा धोका सुमारे पाचपट असे, हे 1996 मध्ये जुन्याच नोंदींतून दिसलं. 2006 मध्ये बोत्सवानाच्या अभ्यासानं दाखवलं, की हंगामी हवामान-अंदाज वापरले तर पाऊस पडण्याआधीच हिवतापाचा इशारा देता येतो. 2025 मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी डासांमुळेच पसरणाऱ्या डेंगीचं पुण्यातलं गणित मांडलं: 27 अंशांवरचं तापमान, 60 ते 78 टक्के आर्द्रता आणि विभागून पडणारा मध्यम पाऊस डेंगीला पोषक, आठवड्यात 150 मिलिमीटरवर पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात. दोन महिने आधी इशारा देणं शक्य आहे.

मात्र घरातल्या पिंपातली अळी पावसानं वाहून जात नाही. पिंप भरून ठेवावं लागतं, कारण नळ रोज येत नाही. ख्रिस्तोफर्स-गिल यांच्या कोष्टकात आभाळाशेजारी माणसाच्या परिस्थितीचा रकाना होता. डेंगीच्या अंदाजात त्या जागी पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक हवं. ते महापालिकेकडे असतंच; त्यासाठी उपग्रह लागत नाही.