स्कॉटलंडचें कंठस्थ संगीत

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ एट्रिक नांवाचें एक डोंगराळ खोरें आहे. वस्ती मेंढपाळांची, घरांत पुस्तकें थोडीं, गाणीं पुष्कळ. वाल्टर स्कॉट पुढें कादंबरीकार म्हणून जगभर गाजले. पण १८०२ सालीं ते ह्या खोऱ्यांत आले ते जुने पोवाडे वेंचण्यासाठीं. त्यांच्या संग्रहाचे पहिले दोन भाग त्याच वर्षीं निघाले होते. मेंढपाळ-कवि जेम्स हॉग ह्यांच्या आई मार्गारेट लेडलॉ ह्यांनीं पाहुण्यांना एक पोवाडा म्हणून दाखविला आणि मग, हॉग ह्यांच्या सांगण्याप्रमाणें, त्यांना चांगलेंच सुनावलें. गाणीं गाण्यासाठीं असतात, वाचण्यासाठीं नव्हेत. तीं छापून स्कॉटसाहेबांनीं त्यांचा नाश केला, आणि छापलीं तींहि धड छापलीं नाहींत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

हा टोला म्हातारपणाचा हेका म्हणून सोडून देतां येत नाहीं. पुढील दीडशें वर्षें स्कॉटलंडचे विद्वान् आपलें लोकसंगीत मरणोन्मुख आहे असें समजून त्याचे ग्रंथ करीत होते; आणि तें संगीत त्याच वेळीं, त्यांच्या दृष्टीआड, गळ्यांतून गळ्यांत उतरत होतें.

उत्तरेच्या डोंगराळ मुलखांतील पाइपवाद्याचें उदाहरण घ्यावें. ह्या वाद्याच्या प्रौढ संगीताला पिब्रॉक म्हणतात. प्रथम एक संथ मूळ सूर, मग त्याचाच क्रमाक्रमानें अलंकृत होत जाणारा विस्तार, आणि शेवटीं पुन्हा मूळ सूर, अशी त्याची मांडणी असते. हें शिकवावयाचें कसें? तबल्याचे बोल जसे तोंडानें म्हणून शिकवितात, तसे पाइपचे सूर व अलंकार ठराविक अक्षरांत बांधून गुरु ते शिष्यापुढें गात असे. स्काय बेटावरील मॅक्रिमन घराणें डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांच्या पदरीं पिढ्यान् पिढ्या ह्या विद्येचें धनी होतें. १७४६ सालीं कलोडनच्या रणांगणावर डोंगरी टोळ्यांचा मोड झाला. त्यानंतर कायद्यानें पाइपवर बंदी घातली अशी समजूत रूढ आहे. कायद्यांत मात्र शस्त्रें आणि पुरुषांचा डोंगरी पोषाख ह्यांचा उल्लेख आहे, पाइपचें नांवहि नाहीं. खरा आघात झाला तो आश्रयावर. सरदारांचे वंशपरंपरागत अधिकार गेले, आणि त्यांबरोबर वादकांना पोसण्याची ऐपत व हौस दोन्ही ओसरलीं.

ह्याच संधिकालांत ह्या विद्येचा पहिला ग्रंथ लिहिला गेला, आणि त्याचा हिंदुस्थानाशीं संबंध आहे. सदरलंड परगण्यांतील एका धर्मोपदेशकाचे पुत्र जोसेफ मॅक्डोनल्ड १७६० सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानाकडे निघाले. वय अवघें एकवीस. समुद्रप्रवासांत त्यांनीं पाइपसंगीताचे नियम व अलंकार लिहून काढण्यास घेतलें. लौकरच बंगालच्या हवेनें त्यांचा बळी घेतला. हस्तलिखित मागें राहिलें. सर जॉन मॅक्ग्रेगर मरे ह्यांच्या हातीं लागून तें स्वदेशीं परतलें, आणि बंधु पॅट्रिक ह्यांनीं तें १८०३ सालीं छापविलें. एका होतकरू तरुणाच्या अकालीं मृत्यूनंतर त्याच्या कागदांचें सहसा काय होतें हें जो जाणतो, त्याला हा योग दुर्मिळच वाटेल.

एकोणिसाव्या शतकांत संग्राहकांचें पीक आलें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे फ्रान्सिस चाइल्ड ह्यांनीं इंग्लिश व स्कॉटिश पोवाडे निवडून त्यांना १ ते ३०५ असे क्रमांक दिले. अभ्यासक आजहि त्या क्रमांकांनींच बोलतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं ॲबर्डीनशायरमध्यें गॅव्हिन ग्रेग हे शाळामास्तर आणि जेम्स डंकन हे धर्मोपदेशक ह्यांनीं शेतकरी व शेतमजूर ह्यांजकडून हजारों गाणीं उतरून घेतलीं. त्यांचा संपूर्ण संग्रह छापून व्हावयास १९८१ ते २००२ इतका काळ लागला!

एका समाजाकडे मात्र फारसें कोणी वळलें नव्हतें. पूर्वीं पत्र्याचीं भांडीं घडविणारे, नद्यांतून मोत्यांचे शिंपले काढणारे, हंगामांत शेतावर राबणारे भटके लोक स्कॉटलंडांत पिढ्यान् पिढ्या आहेत. गांवकरी त्यांना हिणवून टिंकर म्हणत आणि वेशीबाहेर ठेवीत. एडिंबरो विद्यापीठांत १९५१ सालीं स्कॉटिश अध्ययनाची संस्था निघाली. तिचे एक संशोधक, कवि हॅमिश हेंडरसन, ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन ह्याच लोकांच्या तंबूंत जाऊन बसले. ब्लेअरगौरीच्या रासबेरीच्या मळ्यांत तोडणीसाठीं हीं कुटुंबें जमत. रात्रीं शेकोटीभोंवतीं जीं गाणीं निघत, त्यांत चाइल्डसाहेबांच्या क्रमांकांतले पोवाडे सगळ्या चालींसह जिवंत होते.

१९५३ सालीं हेंडरसन ॲबर्डीन शहरांतील जीनी रॉबर्टसन ह्यांच्या दाराशीं पोहोंचले. पंचेचाळीस वर्षांच्या ह्या बाईंना आईकडून मिळालेला पोवाड्यांचा सांठा असा होता, कीं त्यांची गणना पुढें त्या शतकांतील श्रेष्ठ पोवाडागायकांत झाली. १९६८ सालीं त्यांना ब्रिटिश सरकारची पदवी मिळाली. पदवी योग्यच होती. पण ज्यांच्या वस्तीला गांवानें कधीं जागा दिली नाहीं, त्यांच्या गाण्याला दरबारीं जागा मिळाली, ही विसंगति नजरेआड करण्यासारखी नाहीं.

पुढें संधीचीं दारें झपाट्यानें उघडलीं. १९६६ सालीं लोकसंगीताची व लोकगीतांची एक संघटना उभी राहून ब्लेअरगौरीसच महोत्सव भरला. १९८१ सालीं बारा बेटावर मुलांना गेलिक गाणें व वादन शिकविणारा पहिला 'फेश' झाला, आणि त्याचें लोण इतर बेटांवर व डोंगराळ भागांत पसरलें. ग्लासगोच्या संगीतशाळेंत १९९६ पासून ह्या संगीताची पदवी घेतां येऊं लागली. २००० सालीं प्लॉक्टनच्या माध्यमिक शाळेंत खास केंद्र निघालें. २००१ पासून तरुण कलावंतांची स्पर्धा होऊं लागली. जें पूर्वीं शेकोटीशीं मिळे, त्यासाठीं आतां अर्ज करावा लागतो!

रॉबर्टसनबाईंच्या कन्या लिझी हिगिन्स ह्यांच्या वांट्याला ह्यांपैकीं फारसें कांहीं आलें नाहीं. मासळीच्या कारखान्यांत मासे चिरण्याचें काम त्यांनीं केलें; त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ सालीं निघाली. दोघी मायलेकींचीं गाणीं आज संस्थेच्या संग्रहांतून घरबसल्या ऐकतां येतात. आईचा आवाज भारदस्त आणि संथ. मुलीचे वडील पाइप वाजवीत, आणि तें वाजविणें तिच्या गळ्यांत उतरलेलें: शब्दाच्या शेवटीं सूर क्षणभर तुटतो, दोन बारीक सुरांना स्पर्शून पुन्हा जागेवर येतो, पाइपवर बोट पडावें तसा.