रिकामी घरे, बेघर माणसे

महायुद्ध जिंकून परतलेल्या ब्रिटिश शिपायाला १९४६ साली राहायला घर नव्हते. तेव्हा बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ओस पडलेल्या लष्करी छावण्यांत शिरली. समित्या नेमल्या, वर्गणी काढली, कामाच्या पाळ्या लावल्या. सरकारने कानाडोळा केला. पण ८ सप्टेंबरला लंडनच्या केन्सिंग्टन भागात, धनिकांसाठी बांधलेल्या रिकाम्या इमारतीत लोक शिरल्यावर पोलिसांनी वेढा दिला. पाच पुढाऱ्यांवर खटला भरला. कृत्य एकच, फरक मालमत्तेच्या धन्याचा! इमारत सोडावी लागली, छावण्या मात्र टिकल्या. ऑक्टोबरात तेथील सरकारी मोजणीत इंग्लंड-वेल्समधील १,०३८ छावण्यांत ३९,५३५ माणसे भरली. आम्ही कामगार चळवळीतली माणसे यातून इतकेच घेतो: कुलूप एकट्याने तोडले तर चोरी ठरते, संघटित बिऱ्हाडांनी तोडले, की सरकारला रिकाम्या घरांचा हिशेब द्यावा लागतो.