२ ऑक्टोबर १९९८ : ‘अँट्झ’ पडद्यावर

ड्रीमवर्क्सचा पहिला ॲनिमेशनपट ‘अँट्झ’ या दिवशी अमेरिकेत प्रदर्शित झाला. वारुळात माती उपसणारा झी हा कामकरी मुंगळा सैनिकाशी जागा बदलतो, वाळवीशी झालेल्या युद्धातून एकटाच जिवंत परततो आणि सेनापती मँडिबलचा कट उधळतो. झीला आवाज वुडी ॲलनचा. हुकमाच्या रांगेत स्वतःच्या मनाचं ऐकणारा हा नायक मुलांइतकाच मोठ्यांनाही भिडतो, हे या विनोदी साहसपटाचं खरं बळ. शास्त्राला मात्र मुरड घातली आहे. धुळ्याच्या देवपुरात पांझरा नदीकाठी दाणे ओढणाऱ्या मुंग्या पाहा, कामकरी साऱ्या माद्याच! पुढच्याच महिन्यात पिक्सारचा ‘अ बग्ज लाइफ’ आला. त्याचाही नायक मुंगळाच.