खड्डा, खांब आणि दोन पिना : पॉवर रॅकचा इतिहास

१/ १९५० च्या दशकाच्या प्रारंभीची गोष्ट. अमेरिकेतील टेनेसी राज्यात एलिझाबेथटन या लहानशा गावी विशीतला एक तरुण जमिनीत खड्डा खणत होता. त्याचे नाव पॉल अँडरसन. व्यायामाची महागडी साधने त्याच्यापाशी नव्हती. म्हणून त्याने जमिनीकडूनच साधनाचे काम करून घेतले. घरच्या व्यायामशाळेसाठी परवडणारा पॉवर रॅक शोधणाऱ्या आजच्या तरुणाला जे हवे असते, त्याचे मर्म त्या खड्ड्यात होते. (थ्रेड)

२/ पॉवर रॅक ही रचना दिसायला अगदी साधी. चार उभे पोलादी खांब, खांबांना ठरावीक अंतरावर पाडलेली भोके, बार टेकवण्यासाठी दोन हुक आणि आतल्या बाजूस दोन आडव्या पिना. वजन पेलले नाही, तर बार पिनांवर अडतो आणि माणूस खालून सुखरूप बाहेर पडतो. मात्र या साध्या चौकटीमागे अनेक दशकांची धडपड आहे आणि तिच्या नावावर खपवलेले एक अर्धसत्यही आहे.

३/ आधी मूळ अडचण पाहू. तालमीतील बैठकांना रॅक लागत नाही. तेथे भार स्वतःच्या देहाचाच असतो. बारबेल खांद्यांवर घेऊन बैठक, म्हणजेच स्क्वॉट, मारायची झाली की प्रश्न उभा राहतो : बार खांद्यांवर चढवायचा कसा? जुनी रीत अशी, की तो जमिनीवरून छातीपर्यंत उचलायचा, डोक्यावर न्यायचा आणि मग मानेमागे उतरवायचा. परिणामी हातांना जेवढे झेपेल तेवढेच वजन पायांच्या वाट्याला येई. शरीरातील सर्वांत बलवान स्नायू उपाशी राहत.

४/ या कोंडीतून एक धाडसी वाट काढली हेन्री ‘मिलो’ स्टाइनबॉर्न या जर्मन मल्लाने. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो ऑस्ट्रेलियात स्थानबद्ध होता. त्या बंदिवासात त्याने जड स्क्वॉटचा कसून सराव केला. १९२१ मध्ये तो अमेरिकेत आला आणि फिलाडेल्फियाच्या बलोपासकांना त्याने थक्क करून सोडले. ५०० पौंडांहून (सुमारे २२७ किलो) अधिक वजन तो कोणाच्याही मदतीविना खांद्यांवर घेई.

५/ त्याची पद्धत अशी : बारबेल एका टोकावर उभी करायची, तिच्यालगत खाली बसायचे, मग ती हळूहळू कलती करत पाठीवर आडवी घ्यायची आणि उठायचे. वजन उतरवताना हीच क्रिया उलट क्रमाने. ही उचल आजही ‘स्टाइनबॉर्न लिफ्ट’ या नावाने ओळखली जाते. ती देखणी होती, पण सर्वसामान्यांसाठी नव्हती. कलताना तोल किंचित चुकला, तर सारा भार कण्यावर तिरपा येण्याचा धोका होता.

६/ तरीही स्टाइनबॉर्नच्या प्रात्यक्षिकांनी एक गोष्ट सिद्ध केली : पायांना पुरेसे वजन मिळाले, तर देह झपाट्याने बदलतो. १९३० च्या दशकारंभी, महामंदीच्या काळात, जोसेफ कर्टिस हाइज या व्यायामपटूने ‘स्ट्रेंग्थ’ मासिकाचा संपादक मार्क बेरी याला आपला अनुभव कळवला. जड स्क्वॉटच्या वीस-वीस आवृत्त्या आणि भरपूर आहार यांच्या बळावर महिन्याभरात आपले वजन सुमारे २९ पौंडांनी (१३ किलो) वाढल्याचे त्याचे म्हणणे होते. बेरीने या पद्धतीचा हिरिरीने प्रचार केला.

७/ हा प्रचार ज्यांच्या मनात रुजला, त्यांत नेब्रास्का राज्यातील पिअरी रेडर हा एक. अनेक वर्षे व्यायाम करूनही कृश राहिलेल्या रेडरला अखेर स्क्वॉटने हात दिला. १९३६ मध्ये त्याने अलायन्स या गावातून ‘आयर्न मॅन’ हे नियतकालिक सुरू केले. आरंभीचे अंक घरगुती प्रत काढण्याच्या यंत्रावर निघत. शहरांतील व्यायामशाळांपासून दूर, कोठारात किंवा तळघरात एकट्याने व्यायाम करणाऱ्यांसाठी असे नियतकालिक म्हणजे मोठाच आधार होता.

८/ अशा घरगुती व्यायामपटूंसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्क्वॉट स्टँड : जड बुडाचे दोन सुटे खांब, वर बार ठेवायला खाच. लाकूड, लोखंडी नळी आणि काँक्रीट मिळाले की ते घरीही उभारता येत. बार खांद्यांवर चढवण्याचा प्रश्न सुटला. दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. खाली बसल्यावर उठताच आले नाही, तर? बार खाचेपर्यंत परत नेण्याचे बळ नसेल, तर ते दोन खांब केवळ प्रेक्षक ठरत.

९/ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टेनेसीतील एका शेतकऱ्याच्या तळघरात आकाराला आले. बॉब पीपल्स हा जॉन्सन सिटी परिसरातील रहिवासी. १९४९ मध्ये त्याने सुमारे ७२५ पौंड (३२९ किलो) डेडलिफ्ट केली. तेव्हा त्याचे स्वतःचे वजन १८० पौंडांच्या आसपास होते. हा पराक्रम झगमगीत व्यायामशाळेत घडलेला नव्हता. त्याची बहुतेक साधने त्याने स्वतःच्या हातांनी घडवलेली होती.

१०/ पीपल्सच्या साधनांत खांब आणि आडव्या पिना असलेली एक चौकटही होती. पॉवर रॅकच्या आद्य कर्त्यांमध्ये त्याचे नाव घेतले जाते ते यामुळेच. पिनांची उंची बदलली की उचलीचा हवा तो टप्पा निवडता येई : गुडघ्यापासून वर, मांडीपासून वर किंवा अगदी तळापासून. शिवाय वजन सुटले तरी ते पिनांच्या खाली जाणार नाही, याची खात्री असे. एकट्याने व्यायाम करणाऱ्याला यापेक्षा विश्वासू सोबती मिळणे कठीण होते.

११/ याच पीपल्सकडे १९५२ च्या सुमारास शेजारच्या एलिझाबेथटनचा पॉल अँडरसन येऊ लागला. लहानपणी मूत्रपिंडाच्या गंभीर आजारातून उठलेला हा मुलगा आता धिप्पाड झाला होता. पीपल्सने त्याचे सामर्थ्य तत्काळ ओळखले आणि त्याला स्पर्धांची वाट दाखवली. अँडरसननेही गुरूप्रमाणेच हाताशी असलेल्या वस्तूंतून साधने उभारली. काँक्रीट भरलेली पिंपे आणि भंगारातले लोखंड हीच त्याची वजने होती.

१२/ आता तो खड्डा. अँडरसन खड्ड्यात उभा राही आणि जड बार खड्ड्याच्या दोन्ही काठांवर आडवा टेकलेला असे. खांदे बाराखाली घालून तो थोडेसेच अंतर वर उठे. उचल फसली, तर बार पुन्हा काठांवर टेके. सराव वाढला की तो खड्ड्यात थोडी माती टाकी. पाय वर येत, बार तेवढा खाली जाई आणि बैठक तेवढी खोल होई. काठ म्हणजे रॅकच्या पिना आणि मातीचा प्रत्येक थर म्हणजे खांबावरचे पुढचे भोक. खर्च फक्त फावड्याचा.

१३/ या मातीतल्या सरावाचे फळ जगाने लवकरच पाहिले. जून १९५५ मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन काळात, मॉस्कोच्या गॉर्की पार्कमध्ये अँडरसनने १८२.५ किलो वजन डोक्यावर प्रेस केले. सोव्हिएत प्रेक्षकांनी त्याला ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून गौरवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याची आणि अर्जेंटिनाच्या उंबेर्तो सेल्वेत्तीची एकूण बेरीज ५०० किलो अशी समसमान झाली. अँडरसनचे शरीरवजन कमी भरले आणि सुवर्णपदक त्याला मिळाले.

१४/ येथून कथा शेतातून बाजारात शिरते. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क शहरी बॉब हॉफमनची ‘यॉर्क बारबेल’ ही कंपनी होती. १९३२ पासून निघणारे ‘स्ट्रेंग्थ अँड हेल्थ’ हे मासिकही त्याचेच. वेटलिफ्टिंगमधील अमेरिकेच्या अनेक विजेत्यांना या कंपनीचा आश्रय होता. मासिकाने विजेत्यांची कीर्ती गायची आणि त्या कीर्तीवर कंपनीची साधने व पूरक आहार विकायचा, अशी ही चोख व्यवस्था होती.

१५/ १९५३ मध्ये हेटिंगर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी एक आकर्षक दावा केला होता. न हलणाऱ्या वस्तूवर दिवसातून केवळ सहा सेकंद, कमाल बळाच्या दोन-तृतीयांश जोर लावला, तरी स्नायूंची ताकद आठवड्याला सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, असा तो दावा. हाच आयसोमेट्रिक व्यायाम. मेरीलँड राज्यातील डॉक्टर जॉन झिग्लर याने ही कल्पना वेटलिफ्टिंगमध्ये आणली. बार वरच्या पिनांना भिडवून काही सेकंद सर्व शक्तीनिशी ढकलायचा. त्यासाठी रॅक अगदी योग्य साधन होते.

१६/ झिग्लरच्या देखरेखीखाली बिल मार्च आणि लुई रीकी या दोघांनी हा सराव केला. त्यांची प्रगती विस्मयकारक होती. मार्च तर राष्ट्रीय विजेतेपदे मिळवू लागला. १९६१ च्या अखेरीपासून ‘स्ट्रेंग्थ अँड हेल्थ’च्या पानांवर या यशाचे श्रेय ठळकपणे रॅकला आणि आयसोमेट्रिक पद्धतीला दिले जाऊ लागले. यॉर्कचे आयसोमेट्रिक रॅक आणि अभ्यासक्रम विक्रीस आले. शाळा-महाविद्यालयांचे प्रशिक्षकही या लाटेत सामील झाले.

१७/ वाचकांना न सांगितलेली गोष्ट अशी, की झिग्लर आपल्या शिष्यांना डायनाबॉलच्या गोळ्याही देत होता. सिबा कंपनीने १९५८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणलेले हे स्टेरॉइड. टेरी टॉड आणि जॉन फेअर या इतिहासकारांनी पुढे या साऱ्या प्रकरणाची तपशीलवार मांडणी केली. आयसोमेट्रिक व्यायाम निव्वळ थोतांड नव्हता. त्याने ताकद काही प्रमाणात वाढते. पण जाहिरातीतला चमत्कार केवळ रॅकने घडलेला नव्हता.

१८/ याची झळ कोणाला बसली? मासिकावर विश्वास ठेवून, पैसे साठवून रॅक घेणाऱ्या साध्या तरुणांना. नायकांसारखी प्रगती होईना, तेव्हा अनेकांनी दोष स्वतःच्या देहाला दिला. गोळ्यांचे गुपित फुटल्यावर आयसोमेट्रिकची लाट ओसरली आणि तिच्याबरोबर रॅकही बदनाम झाला. चूक लाकूड-लोखंडाची नव्हती. त्याच्या तोंडी घातलेल्या दाव्याची होती. झिग्लरला उत्तरायुष्यात या प्रयोगाचा तीव्र पश्चात्ताप झाला. १९८३ मध्ये त्याचे निधन झाले.

१९/ रॅकला पुन्हा मान मिळाला तो पॉवरलिफ्टिंगमुळे. १९६४ मध्ये यॉर्क येथे या खेळाची मोठी राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा झाली, १९६५ पासून अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे या खेळाचे तीन प्रकार. पहिल्या दोहोंत माणूस वजनाखाली असतो. त्यामुळे चमत्काराची भाषा मागे पडली आणि रॅकचे मूळ काम पुन्हा पुढे आले : अपयश झेलणे.

२०/ २०२० मध्ये टाळेबंदीने जगभरच्या व्यायामशाळा बंद केल्या. महाराष्ट्रातील व्यायामशाळा मार्चपासून बंद होत्या, त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. मधल्या काळात अनेकांनी गच्चीत, गॅरेजमध्ये, रिकाम्या खोलीत वजने मांडली. एकट्याने, स्पॉटरविना व्यायाम करण्याची वेळ शहरी तरुणावर आली. पीपल्सच्या तळघरातला जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आणि त्याबरोबर जुना बाजारही : रंग, जोडण्या, नावे, दावे.

२१/ स्वस्त रॅक पारखण्याची कसोटी या इतिहासातूनच मिळते. पहिली, अँडरसनचा काठ : वजन अवचित पडले तर पिना आणि खांब ते झेलतील का? पोकळ चौकोनी नळीच्या बाह्य मापाइतकीच तिच्या पत्र्याची जाडी महत्त्वाची. ११ गेज म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, १४ गेज म्हणजे सुमारे २. जितका आकडा मोठा, तितका पत्रा पातळ. गेजच्या आकड्याला भुलणारा येथेच फसतो.

२२/ दुसरी, मातीचे थर : भोकांमधले अंतर जितके कमी, तितकी पिनांची उंची नेमकी बसते. बेंच प्रेसमध्ये पिना छातीच्या किंचित खाली पण गळ्याच्या वर असाव्या लागतात; तेथे दोन इंचांची चूकही जीवघेणी ठरू शकते. तिसरी, बूड : हलका रॅक जमिनीला बोल्टने बांधता येतो का? चौथी, जागा : सात फुटी बार, त्याच्या टोकांना प्लेट्स चढवण्याची मोकळीक आणि डोक्यावरचे छत मोजल्याखेरीज खरेदी व्यर्थ.

२३/ या चार गोष्टी ज्यात आहेत, तो रॅक स्वस्त असला तरी पुरेसा. ज्यात त्या नाहीत, तो कितीही महाग असला तरी निरुपयोगी. सुटे स्टँड स्वस्त मिळतात, पण ते आठव्या मुद्द्यातला दुसरा प्रश्न सोडवत नाहीत. पैसे वाचवायचेच असतील, तर ते पुलीत, जोडण्यांत आणि रंगात वाचवावेत, पिनांत नव्हे.

२४/ स्टाइनबॉर्नपाशी रॅक नव्हता, पीपल्सने तो स्वतः घडवला, अँडरसनने जमीन खणली. बळ त्यांनी वर्षानुवर्षांच्या सरावातून कमावले. यॉर्कच्या बाजाराने मात्र रॅकमध्येच बळ असल्याचे सांगितले आणि तेथेच तरुणांची दिशाभूल झाली. रॅक कोणालाही बलवान करत नाही. आजची उचल फसली, तरी उद्या पुन्हा बाराखाली उभे राहण्याची संधी तो राखून ठेवतो. त्याची खरी किंमत तेवढीच आणि तेवढी पुरेशी. (समाप्त)