बिग बू : पाठ फिरताच मागे लागणारे भूत
‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) या निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेममधील झपाटलेल्या हवेलीतील भुतांचा म्होरक्या. मुख्य खलनायक बाउझर. ‘बिग बू’ हा वाटेत भेटणारा दुय्यम शत्रू. मारिओ समोर ठाकला की तो पारदर्शक होतो आणि त्याच्यावर वार चालत नाही. पाठ फिरताच मागे लागतो. रात्रीच्या वाटेवर मागे वळून पाहू नये, हा आपल्याकडील संकेत येथे उपयोगी नाही. पाठ दाखवून त्याला जवळ येऊ द्यावे आणि ऐनवेळी वळून प्रहार करावा. प्रत्येक प्रहारागणिक तो लहान होतो; तिसऱ्याला संपतो व तारा मिळतो. ‘बू’ भुते प्रथम ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मध्ये (१९८८) आली. एरवी अबोल असलेली पत्नी आपल्या कार्यालयातील दीर्घ तासांवरून एके दिवशी संतापली, त्यावरून ताकाशी तेझुका यांना ती सुचली.